दुसऱ्या चुलीची जागा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



धानाचा भाव, बोनस, रानडुकरांनी केलेली नासाडी यांवर पुढचे वक्ते बोलणारच आहेत. आमच्याकडे आज घराचा विषय आहे. घर म्हणजे पहिले घर नव्हे. आजोबाने बांधलेले, बापाने दर पावसाळ्याआधी शाकारलेले घर जिथे आहे तिथे उभे आहे. प्रश्न दुसऱ्या घराचा आहे. धाकट्याचे लग्न झाले, सून घरी आली, दोन पावसाळे गेले आणि चूल वेगळी झाली. ही दुसरी चूल मांडायची कुठे?

चूल वेगळी होणे हा आपल्याकडे गुन्हा नाही, ती रीत आहे. पोरगा वेगळा निघाला की गावाने हात लावायचा, रानातून फाटे आणायचे, बांबूच्या ताट्या विणून कुडाच्या भिंती उभ्या करायच्या, वर कवेलू चढवायचे. चार-आठ दिवसांत घर उभे राहायचे. सरकारसुद्धा चूल वेगळी झाल्याचे मान्य करते. रेशनकार्ड वेगळे होते, घरकुलाच्या यादीत नाव स्वतंत्र लागते. आणि यादीत नाव आले की ग्रामपंचायतीतून निरोप येतो : जागेचा कागद आणा. बैलबंडी इथे रुतते.

सरकारी घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असते. एवढी जागा जंगलाच्या जिल्ह्यात मिळू नये, हे मुंबईच्या माणसाला सांगितले तर तो हसेल. मुंबईत जागा नाही हे त्याला कळते. गडचिरोलीत जागा नाही हे कळत नाही. पण या जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कागदोपत्री वन आहे. उरलेल्यात धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, रस्ते आणि नद्या. गावाची आबादी म्हणजे गावठाण जुन्या बंदोबस्ताच्या वेळी आखले गेले, ते त्या वेळच्या घरांना पुरेल एवढे. वीस घरांसाठी आखलेल्या आबादीत आज साठ चुली पेटतात. एकाच्या सांदवाडीत दुसऱ्याची सपरी घुसली आहे. भावाभावांची भांडणे पाहा, त्यातली अर्धी शेताच्या धुऱ्याची असतात आणि अर्धी या चार हात जागेची.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. गावठाणाच्या आत घर बांधायचे तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायतीची परवानगी लागते. २०२१ मध्ये सरकारने जाहीर केले की ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराकडे जाण्याची गरज नाही. चांगली गोष्ट आहे. आपल्या स्वतःच्या सातबाऱ्याच्या वावरात घर बांधायचे तर जमीन महसूल संहितेच्या कलम २(९) मधली शेतघराची व्याख्या वाचा. अवजारे, कडबा, धान्य आणि जनावरे यांच्या बरोबरीने खातेदाराच्या कुटुंबातल्या माणसांनी राहण्यासाठी बांधलेली इमारतही शेतघरात मोडते. वावरात राहायला गेलात म्हणून बिनशेतीची नोटीस हातात पडली तर हे कलम दाखवा. शहराच्या हद्दीत आणि हद्दीलगत मात्र शेतघरालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे चंद्रपूर-बल्लारपूरच्या आसपासच्या लोकांनी विसरू नये. बिनशेतीचे बाकी नियमही सरकारने गेल्या काही वर्षांत बरेच सैल केले. गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन आराखड्यात रहिवासासाठी असेल तर ती बिनशेती झाली असे मानण्याची सोय केली.

ही सगळी सैलाई आहे ती ज्याच्या गावठाणाच्या पलीकडे शेत आहे त्याच्यासाठी. पुणे जिल्ह्यातल्या गावापासून २०० मीटर चालले तर उसाचा फड लागतो. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांतल्या कितीतरी टोल्यांत शेवटच्या घरापासून वीस मीटर चालले की वनखात्याचा दगडी बुरूज लागतो. बुरुजाच्या पलीकडे ना ग्रामपंचायतीची परवानगी चालते, ना जिल्हाधिकाऱ्याची. तिथे १९२७ चा भारतीय वन अधिनियम आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा. दिल्लीच्या मंजुरीवाचून वनजमिनीचा दुसऱ्या कशासाठी वापर नाही. म्हणजे खाणीला जी परवानगी लागते तीच धाकट्याच्या कुडाच्या घरालाही लागते. फरक एवढाच की खाणवाल्याजवळ ती मिळवायला माणसे आहेत. नाकेदाराचे क्वार्टर वनजमिनीवर असते, रेंजरसाहेबाचा बंगला वनजमिनीवर असतो. ते वनाच्या कामासाठी आहेत, मान्य. मग मोहफूल वेचणारा, तेंदूपत्ता तोडणारा, वणवा लागला की सर्वात आधी धावणारा माणूस कशासाठी आहे?

जागा विकत घ्या, असे सांगणारीही एक योजना आहे. घरकुलासाठी भूमिहीनाला जागा खरेदीला अर्थसाहाय्य देण्याची ही योजना २०१५ पासूनची आहे. सुरुवातीला ५०० चौरस फुटांसाठी ५० हजार रुपयांपर्यंत मदत ठरली. तालुक्याच्या गावी कदाचित तिचा उपयोग होईल. पण जिथे विकाऊ जागाच नाही तिथे घेणाऱ्याला पैसे देऊन काय होणार? आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीवाचून विकता येत नाही, आणि तो कायदा योग्यच आहे. तेव्हा ही वाट आपल्या टोल्यांपर्यंत पोचत नाही. २०१८ मध्ये सरकारने १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जमिनीवरची राहती अतिक्रमणे नियमानुकूल करायचे ठरवले. त्यातही वनजमीन वगळलेली.

आमचा मुख्य मुद्दा तारखांचा आहे. २५ ऑक्टोबर १९८० ही वनसंवर्धन कायद्याची तारीख. १२ डिसेंबर १९९६ ही गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची. १३ डिसेंबर २००५ ही वनहक्क कायद्याची. १ जानेवारी २०११ ही अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची. प्रत्येक कायद्याने एक दिवस धरला आणि सांगितले की या दिवशी जो जिथे होता त्याचे आम्ही पाहू, नंतर आलेल्याचे नाही. बाहेरून घुसखोरी करणाऱ्याला ही तारीख लावा, आमची हरकत नाही. पण आपल्या गावात नंतर आलेला म्हणजे कोण? पाळण्यात आलेला! १३ डिसेंबर २००५ रोजी जन्मलेल्या पोराने विशी गाठली. तो कुठून आलेला नाही, इथेच जन्मला. त्याने वनजमिनीवर चार मेढी रोवल्या की तो अतिक्रमणदार, आणि त्याच्याच बापाने त्या तारखेआधी रोवल्या त्या हक्काच्या. कुटुंबे वाढतात हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी त्याचा हिशोब धरला नाही.

आता हातात काय आहे ते सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(क) वाचा. वनजमिनीवर राहण्यासाठी किंवा स्वतः कसण्यासाठी ती धारण करण्याचा हक्क, असे त्यात लिहिले आहे. राहण्यासाठी हा शब्द आधी आहे, कसण्यासाठी नंतर. वैयक्तिक दाव्याच्या ‘अ’ नमुन्यातही दोन वेगळे रकाने आहेत, एक निवासासाठी किती जमीन आणि दुसरा शेतीसाठी किती. आम्ही गावोगावी जे अर्ज पाहिले त्यांत जबरानजोत करणाऱ्यांनी शेतीचा रकाना भरला आणि निवासाचा कोरा ठेवला. लोकांच्या डोक्यात धानाची बांधी होती, ते साहजिक आहे. पण पट्टा हाती आल्यावर त्या जमिनीवर घर उभे करताना हाच कोरा रकाना पुढे केला जातो. ज्यांचे दावे अजून पडून आहेत किंवा ज्यांना फेरतपासणी मागायची आहे, त्यांनी २००५ पूर्वीचे घर, गोठा, झोपडी जे काही असेल ते त्यात लिहावे. घर, झोपडी, बांध हे नियम १३ प्रमाणे पुरावे आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तर आपल्या विदर्भासाठी महसूल संहितेत खास ठेवलेले कागद आहेत. तहसीलमधून त्यांच्या नकला मागा. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते, आणि जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दाद मागण्याची सोय राज्यपालांनी मे २०२० मध्ये अनुसूचित क्षेत्रासाठी केली आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कोणाला उठवता येत नाही.

हे झाले बापाच्या हक्काचे. पट्टा वारसाने पोराला मिळतो, विकता येत नाही. पण चार भावांना एका पट्ट्यावर चार घरे बांधायला लावली तर बांधी कुठे राहील? म्हणून दुसऱ्या चुलीची खरी वाट वेगळी आहे आणि तिची माहिती गावात फार कमी लोकांना आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचा अधिकार वापरून वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये राज्यापुरता फेरफार केला. हे कलम मुळात गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याचे आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्तभाव दुकान, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा गोष्टी त्यात होत्या. त्यात घर नव्हते. पोरांच्या शाळेला वनजमीन मिळत होती, पोरांच्या घराला नाही! २०२० च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना शेजारच्या वनजमिनीवर घर बांधता यावे, गावठाण त्या बाजूला वाढवता यावे, अशी तरतूद केली. घराला जागा नाही म्हणून कुटुंबांना गाव सोडावे लागते ते थांबावे, हा हेतू तेव्हा सरकारनेच सांगितला. कागदावर का होईना, एकदा तरी कायद्याने पाळण्याचा हिशोब धरला.

कलम ३(२) मधल्या सोयींना मूळ अटी अशा आहेत : प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. आपला ठराव याच मापात बसवा. एक हेक्टर म्हणजे एक लाख सात हजार चौरस फुटांच्या वर. त्यातला चौथा हिस्सा वाटा आणि नाल्यांना सोडला आणि प्रत्येक घराला सांदवाडीसकट दोन हजार चौरस फूट धरले तरी चाळीस घरे बसतात. आपल्याकडच्या एखाद्या टोल्याची पुढच्या पिढीची सोय तेवढ्यात होते.

लोक विचारतील, असे प्रत्येक गावाने मागितले तर जंगल संपेल. जंगल कोणी राखले हे आम्ही सांगायला नको. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगल ते गाव सांभाळते, बांबू स्वतः तोडते आणि विकते. तिथे जंगल संपले का? दुसरीकडे एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या पहाडावर लोहखनिजासाठी ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. दोन्हींना पट्टाच म्हणतात. एका खाणपट्ट्याच्या क्षेत्रात एक-एक हेक्टरप्रमाणे ३४८ गावांची दुसरी चूल मांडून झाली असती. ताडोबाच्या भोवती २०१९ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. तिथेही स्थानिक माणसाला स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या वापरासाठी घर बांधायची मुभा आहे. पण मोहर्लीच्या वाटेवर पाहा, वाघ पाहायला येणाऱ्यांच्या खोल्या किती आणि वाघासोबत राहणाऱ्यांच्या किती.

मात्र एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलतो. गावाच्या नावाने मागितलेल्या जागेत सडकेकडेचे दुकान, ठेकेदाराचे गोदाम, सावकाराच्या पोराचा प्लॉट शिरू देऊ नका. यादी ग्रामसभेत वाचून झाल्याशिवाय ठराव लिहू नका. रातोरात मेढी रोवून मग कागदामागे धावण्याची सवयही सोडली पाहिजे. एकट्याने रोवलेली मेढ नाकेदार उपटतो. ग्रामसभेने शिक्का मारून मागितलेली जागा नाकारायची तर साहेबाला कारण लिहून द्यावे लागते, आणि लिहिलेल्या कारणावर वर भांडता येते.

चंद्रपूरकरांसाठी वेगळे सांगायला हवे. २०२० ची अधिसूचना अनुसूचित क्षेत्रापुरती आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ते क्षेत्र राजुरा, कोरपना, जिवतीच्या बाजूला आहे. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीला ती लागू नाही. वनहक्क कायदा तिथेही आहे, गावठाण वाढवून मागण्यासाठी महसूल संहितेचे कलम १२२ ही आहे, पण वाढवायचे ते कुठल्या जमिनीवर? गावालगतची मोकळी जमीन बहुतेक ठिकाणी झुडपी जंगल म्हणून नोंदलेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांचे हे जुने दुखणे आहे. मध्य प्रदेशात असतानाच्या दप्तरात पडीक, झुडपांची, ढोरे चारायची जमीन या नावाने लिहिली गेली. १९५६ मध्ये विदर्भ तिकडून निघाला, नोंद तशीच सोबत आली. १९९६ च्या आदेशात वनाची व्याख्या शब्दकोशाप्रमाणे आणि सरकारी नोंदीप्रमाणे धरली गेली आणि झुडपीत जंगल हा शब्द असल्याने सगळे अडकले. तोवर त्या जमिनीवर शाळा झाल्या होत्या, स्मशाने होती, घरे होती.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांचे ते खंडपीठ होते. झुडपी जंगल हे वनच, असे ठरले. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने जिल्हावार प्रस्ताव करून केंद्राची मंजुरी घ्यावी, त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा नक्त वर्तमान मूल्याच्या पैशाची अट नाही, असेही सांगितले. वापर बदलायचा नाही आणि जागा फक्त वारसाने पुढे जाईल. १९९६ नंतरच्या वाटपाबाबत मात्र ते का केले आणि कोणत्या अधिकाऱ्याने केले याचा जाब द्यायचा आहे. म्हणजे बापाचे घर बहुतेक वाचेल. पोराच्या नव्या घरासाठी झुडपीच्या तुकड्यावर सही करायला यापुढे कोणी धजणार नाही, आणि त्या बिचाऱ्या तलाठ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तेव्हा झुडपीवाल्या गावांनी आधी आपला गट नंबर जिल्ह्याच्या प्रस्तावात आहे की नाही हे तपासावे. वाटपाचा जुना आदेश, त्या काळातला उतारा, जे असेल ते काढून ठेवावे. घरटॅक्सची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ जपून ठेवा, पण तो मालकीचा कागद नाही हेही लक्षात असू द्या. टॅक्स भरतो म्हणून जागा माझी, हे कोर्टात टिकत नाही. आणि नव्या घरांसाठी झुडपी सोडून गावात दुसरी महसुली सरकारी जमीन आहे का, याची नोंद काढून कलम १२२ खाली गावठाणवाढीचा अर्ज द्या. नसेल तर एखादा गावकरी गावालगतची बांधी अदलाबदलीत देतो का, हे गावातच विचारले पाहिजे. संघटनेने सगळी उत्तरे सरकारकडूनच मागावीत असे आम्हाला वाटत नाही.

मायबहिणींसाठी एक शब्द. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, कलम ४(४). घराच्या जागेच्या ठरावातही प्रत्येक कुटुंबापुढे दोन्ही नावे लिहायला लावा. चूल वेगळी झाली की तिच्यापुढे बसणारी कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. मग कागदावर ती का नसावी? दावे मंजूर करणाऱ्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. बाया आल्या नाहीत तर त्या सभेवर बोट ठेवायला जागा उरते. सभेची वेळ स्वयंपाकाच्या वेळेला ठेवणाऱ्या सचिवाला आधीच ताकीद द्या.

ठराव करताना टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा घ्या. दहा टोल्यांच्या ग्रामपंचायतीची एकच सभा घेतली तर दूरच्या टोल्याचे कोणी ऐकत नाही. यादीत आज वेगळी चूल असलेली कुटुंबे आणि येत्या पाच-सात वर्षांत लग्नाची होणारी पोरे, दोन्ही लिहा. मागितलेल्या जागेवरची झाडे गावकऱ्यांनीच मोजून आकडा ठरावात घाला, म्हणजे मोजणीला माणूस नाही हे उत्तर मिळणार नाही. एक प्रत उपवनसंरक्षकांना, एक प्रकल्प अधिकाऱ्यांना, एक उपविभागीय अधिकाऱ्यांना. तिन्हींवर पोच घ्या. ज्यांना ठरावाचा नमुना हवा आहे त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या मागच्या बाजूला थांबावे. गावाचा नकाशा आणला असेल तर तोही सोबत घ्या.